तिसरा खांब

"अहो, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?" असं मी ओरडलो आणि सगळं मैदान हसलं. मैदान म्हणजे किती, तर साठ-सत्तर माणसं. बसडेपोच्या भिंतीला लागून असलेलं, गवत फक्त चार कोपऱ्यांत उरलेलं मैदान. एका बाजूला आमच्या बारा वर्षांखालच्या पोरांचे आईबाप, दुसऱ्या बाजूला समोरच्या क्लबाचे. एरवी एकमेकांना खाऊ की गिळू करणारे हे दोन्ही कळप त्या दिवशी एकदम हसले. मध्यंतरानंतरचा आमच्यावरचा तिसरा गोल झाला होता, आणि आमच्याच गोलच्या मागे, जाळीपासून दोन हातांवर उभा असलेला एक माणूस टाळ्या वाजवत होता. जोरात, हात डोक्याच्या वर नेऊन. ज्याच्यावर गोल झाला तो गोलकीपर त्याचाच मुलगा. मी ओरडलो तशा त्याच्या टाळ्या थांबल्या. पण हात तसेच राहिले, वीतभर अंतरावर, जणू मधे काहीतरी धरलंय आणि ते कुठं ठेवावं ते सुचत नाहीये. मग त्यानं ते खिशात घातले. पोरगा जमिनीवरून उठत होता. एका बाजूनं खांद्यापासून कमरेपर्यंत लाल मातीनं माखलेला. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे, मग जाळीतला चेंडू काढायला गेला आणि चेंडू काढायला लागतो त्याहून जास्त वेळ तिथं वाकून राहिला. मी ते सगळं बघितलं. बघितलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? तीन गोल खाल्लेल्या प्रशिक्षकाला लोक दुसऱ्या कुणाला तरी हसले की बरंच वाटतं.

बावीस वर्षं मी पोरांना फुटबॉल शिकवतोय आणि या बावीस वर्षांत पोरांनी मला दिला नाही तेवढा ताप त्यांच्या आईबापांनी दिलाय. आमच्यात एक हिशेबतपासनीस आहे. चेंडू रेषेबाहेर गेला, थ्रो-इन मिळाला, की हा "ऑफसाइड!" म्हणून बोंबलतो. त्याला सांगितलं की थ्रो-इनला ऑफसाइड नसतो, तर म्हणतो, "सर, नियम माहीत आहेत मला, मी टीव्हीवर बघतो." एक दातांची डॉक्टर आहे. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, याला डोक्यानं चेंडू मारायला लावू नका, सोमवारी गणिताचा पेपर आहे. दुसरी एक जण म्हणाली, याला सावलीच्या बाजूला खेळवा, ऊन बाधतं. मी म्हटलं, बाई, मध्यंतरानंतर बाजू बदलतात. ती म्हणाली, मग मध्यंतरानंतर दुसऱ्या कुणाला तरी घ्या. एका बापानं तर लेखी अर्ज दिला होता, की माझ्या पाल्याला दर सामन्यात गोल करण्याची किमान एक संधी मिळावी, ही नम्र विनंती. पोहोच म्हणून माझी सही मागत होता. हे लोक रेषेवर उभे राहतात तेव्हा मैदानात त्यांची पोरं नसतातच, ते स्वतःच असतात, लहानपणी कुणी संघात न घेतलेले. पोरानं चेंडू गमावला की यांचं काहीतरी हरवतं. आणि ते ज्या आवाजात ओरडतात त्या आवाजात घरी कुत्र्यालाही कुणी ओरडत नाही. मी शांत असतो, लोक म्हणतात सरांचा स्वभाव फार थंड. थंड कसला? मी बावीस वर्षं गिळतोय. आणि गिळलेलं सगळं कधीतरी कुणावर तरी निघायचंच होतं, ते निघालं कुणावर, तर जो कधी एक शब्द ओरडला नाही त्याच्यावर.

कारण तो माणूस ओरडायचा नाही. पहिल्या दिवशी पोराला घेऊन आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, वरचं बटणसुद्धा लावलेलं. एका कचेरीच्या इमारतीत लिफ्टमन होता. इतर बाप विचारतात, याला कुठल्या जागी खेळवणार, सामने कधी, निवड कधी. यानं एकच विचारलं, "सर, पडायला शिकवता म्हणे तुम्ही?" मी म्हटलं, गोलकीपर असेल तर शिकवावंच लागतं. तो म्हणाला, "मग शिकवा. हा पडायला फार घाबरतो." मला हसू आलं. लोक पोरांना पुढे जायला शिकवा म्हणून आणतात, हा पडायला शिकवा म्हणून घेऊन आला. पण शिकवलं मी. सहा महिने. क्लबाच्या खोलीतल्या दोन जुन्या गाद्या मैदानात ओढून आणायच्या, त्यांच्यातून कापूस बाहेर आलेला. आधी गुडघे टेकून पडायचं, मग उकिडवं बसून, मग उभ्यानं. आधी मांडी, मग कंबर, मग खांदा, हात चेंडूमागे, पोटावर कधी नाही. गादीवर पोरगा पडायचा. गादी काढली की पडायचा नाही. चेंडू डावीकडून जायचा, उजवीकडून जायचा, हा मधे ताठ. एकदा वैतागून मी सगळ्यांसमोर म्हणालो, "गोलला दोन खांब असतात, आपल्याकडे तिसरापण आहे." झालं. त्या दिवसापासून त्याचं नावच तिसरा खांब. पोरं पास देतानासुद्धा ओरडायची, "ए खांबा, मागे!" तोही ओ द्यायचा. टोपणनाव ठेवताना मला वाटलं होतं की राग येईल आणि रागाच्या भरात तरी हा पडेल. असल्या युक्त्या मला फार सुचतात. पोरांना दुखवून त्यांच्याकडून काहीतरी काढून घ्यायचं, आणि निघालं तर म्हणायचं, बघा, शिकवलं.

त्या रविवारी दुपारी जेवायला बसलो तर फोन सारखा टणटण वाजत होता. पालकांचा गट. हिशेबतपासनीसानं व्हिडिओ टाकला होता, खाली हसण्याचे चेहरे, एकाखाली एक, पाढे म्हटल्यासारखे. व्हिडिओ अकरा सेकंदांचा होता. गोल होतो, माणूस टाळ्या वाजवतो, माझा आवाज येतो, लोक हसतात. माझा आवाज मला परका वाटला. जरा किरटा. मी तो पुन्हा लावला. बायको भाजी वाढत होती, ती खांद्यावरून वाकून बघायला लागली. फुटबॉल म्हणजे काय हे तिला लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. ती म्हणाली, "तुम्ही ओरडलात त्या माणसावर?"

"मग? पोरावर गोल झाला आणि हा टाळ्या वाजवतोय."

"गोलसाठी कुठं वाजवतोय? पोरानं उडी मारली म्हणून वाजवतोय की."

"कुठली उडी?"

"ही काय. डोळे कुठं असतात तुमचे?"

तिनं तेलकट बोट काचेवर ठेवलं. मी पुन्हा लावला. चेंडू येतो. माझे डोळे चेंडूबरोबर गेले, बावीस वर्षांची सवय. पुन्हा लावला आणि मुद्दाम चेंडूकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि ते किती अवघड असतं म्हणून सांगू, तोंडासमोर बोट नाचवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे बघण्यासारखं. पण दिसलं. पोरगा डावीकडे झेपावला होता. सगळा. पाय जमिनीपासून सुटलेले, हात लांब, आणि मग मांडी, कंबर, खांदा, अगदी जसं शिकवलं तसं. चेंडू बोटांच्या वरून गेला. सहा महिने ज्याची वाट बघितली ते माझ्यासमोर वीस पावलांवर घडलं आणि मी चेंडू बघत होतो. ज्याला ऑफसाइड म्हणजे काय हे मेला तरी सांगता येणार नाही तो एकटा माणूस पोराकडे बघत होता. बायकोनं भाजी वाढली. म्हणाली, "जेवा आता, गार होतंय." मला घास गिळवेना. मी तिच्यावरच चिडलो, भाजीत मीठ नाही म्हणून. मीठ होतं.

पण घास अडकला तो उडीमुळे नाही, वाक्यामुळे. ते वाक्य माझं नव्हतं. मी ते कुठून आणलं हे मला ओरडतानाच माहीत होतं, कुठल्या कुठं खोल ठेवलेली वस्तू हाताला बरोबर लागावी तसं लागलं ते. माझे वडील इस्पितळाच्या लॉन्ड्रीत होते. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. वीस-बावीस वर्षं त्यांनी फक्त पांढरं कापड बघितलं. हातांना कायम वाफेचा वास, कोपरापर्यंत चटक्यांचे डाग, काही जुने, काही नवे, मी लहानपणी मोजायचो ते. बोलणं कमी. कुठल्याही कापडाला हात लावला की आपोआप घडी घालायचे, टेबलावरच्या वर्तमानपत्राचीसुद्धा. मला चौदाव्या वर्षी डाव्या बचावाची जागा मिळाली, पाठीवर तीन नंबर. पहिल्या सामन्याच्या सकाळी वडील माझ्याआधी उठले आणि माझी जर्सी इस्त्री करायला घेतली. पांढऱ्या नायलॉनची जर्सी. त्यांना काय ठाऊक? त्यांनी जन्मभर सुती कापडावर इस्त्री फिरवली होती, तीही कडक तापवून. मला जाग आली ती वासानं. जळकट, गोडसर. जर्सी इस्त्रीला च्युइंगमसारखी चिकटली होती आणि वडील ती सोडवत होते, इतक्या हळू, जणू तिला दुखेल. पाठीला तळहाताएवढं भोक पडलं. मी रडलो, ओरडलो. त्यांनी सुईदोरा घेतला आणि आतून ठिगळ लावलं. घरात पांढरं कापड एकच होतं, इस्पितळातून बाद झालेल्या चादरीचा तुकडा. त्या तुकड्यावर इस्पितळाचा अर्धा शिक्का होता. सामन्यात मी धावत होतो आणि पाठीवर तीन नंबरच्या खाली तो निळा शिक्का. पाच मिनिटांत मला नाव पडलं. पेशंट. "ए पेशंट, पास दे!" "पेशंट, जपून, सलाईन निघेल!" मी पुढे पाच वर्षं खेळलो, जर्स्या बदलल्या, संघ बदलला, नाव बदललं नाही. आणि मी तिसरा खांब म्हणालो. म्हणजे बघा.

वडील सामन्याला यायचे. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. रेषेवर इतरांपासून जरा लांब उभे राहायचे आणि टाळ्या वाजवायचे. कुठं वाजवायच्या ते त्यांना कळायचंच नाही. चेंडू उंच गेला की टाळ्या. कुणी पडून उठला की टाळ्या, मग तो कुणाचाही असो. एकदा समोरच्या संघातल्या एका बुटक्या पोरानं आमच्या तिघांना चकवून गोल मारला, आणि त्या तिघांतला शेवटचा मी. मैदानात एकदम शांतता, आणि त्या शांततेत एका माणसाच्या टाळ्या. आमचा कर्णधार कमरेवर हात ठेवून ओरडला, "ए पेशंट, तुझा बाप नक्की कुणाच्या बाजूनं आहे रे?" सगळे हसले. मीही हसलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण मीही हसलो. घरी जाताना वडील सायकल हातात धरून चालत होते, मी तीन पावलं पुढे. ते म्हणाले, "लागलं का कुठं?" सामना झाल्यावर ते एवढंच विचारायचे. जिंकलो का, किती गोल, काही नाही. लागलं का. मी मागे न वळता म्हणालो, "बाबा, तुम्ही येत जाऊ नका. तुम्हाला काही कळत नाही आणि लोक मला हसतात." सायकलीच्या चेनचा कुरकुर आवाज तेवढा येत राहिला. मग ते म्हणाले, "बरं." रागानं नाही, दुखावून नाही, कुणी दुकानात सांगावं की साखर संपली आणि आपण म्हणावं बरं, तसं. पुढच्या शनिवारी जेवताना ते आईला म्हणाले, माझ्याकडे न बघता, की आता रविवारी लॉन्ड्रीत जादा काम असतं, सकाळीच जावं लागेल. रविवारी ते माझ्याआधी तयार होऊन बाहेर पडायचे आणि मी घरी आल्यावर तासाभरानं परत यायचे. मला सुटल्यासारखं झालं. सुटल्यासारखं झालं होतं, तर तसंच लिहायला पाहिजे.

मंगळवारी सरावाला तिसरा खांब लवकर आला. इतर पोरं यायची होती. मी शंकू मांडत होतो. तो माझ्यामागून एकेक शंकू सरळ करत आला, सरळच असलेले. मग म्हणाला, "सर, एक काम होतं."

"बोल."

"बाबांना सांगाल का, की... म्हणजे रविवारी नाही आले तरी चालेल म्हणून. तुम्ही सांगितलं तर त्यांना वाईट नाही वाटणार. सर आहात तुम्ही. मी सांगितलं तर वाटेल."

मी शंकू हातात धरून उभा राहिलो. मला वाटलं होतं की मी त्याला उडीबद्दल सांगेन. रविवार दुपारपासून मी ते वाक्य तयार करून ठेवलं होतं, घोळवून घोळवून. मी म्हटलं, "अरे, परवा तू उडी मारलीस. पहिल्यांदा. मला दिसली नाही, चूक माझी. पण तुझ्या बाबांना दिसली. ते गोलसाठी नाही, तुझ्यासाठी टाळ्या वाजवत होते. कळतंय का?"

पोरगा शंकूकडे बघत राहिला. म्हणाला, "उडी नव्हती सर ती."

"म्हणजे?"

"पाय घसरला. माती निघालीय ना तिथं खांबापाशी. मी उभाच राहणार होतो, पण पाय गेला आणि पडलो." मग एकदम वर बघून, घाईनं, "पण हे बाबांना सांगू नका. घरी आल्यावर त्यांनी आईला दोनदा करून दाखवलं, खुर्ची सरकवून. मी कसा पडलो ते. त्यांना उडीच वाटलीय."

मी विचारलं, "मग त्यांनी येऊ नये असं का वाटतं तुला?"

तो म्हणाला, "सगळे हसतात ना सर त्यांना." आणि अजून हळू, "तुम्ही पण."

पोरं यायला लागली. मी शिट्टी वाजवली. मला काही ओरडायचं होतं पण शिट्टीच वाजवली, लांब, आणि पोरं धावायला लागली. धावणाऱ्या पोरांकडे बघत बसलं की एक गंमत कळते. प्रत्येक जण धावताना रेषेबाहेर एकदा तरी बघतो. कुणी असो वा नसो. नुसती मान जाते.

गुरुवारी मी त्या इमारतीत गेलो. सांगायला नव्हे. कशाला गेलो ते मला धड माहीत नव्हतं. माफी मागायला म्हणावं तर माफी मागायची सवय नाही, आमच्या धंद्यात चूक नेहमी पंचाची असते. जुनी इमारत, सहा मजले, लोखंडी जाळीच्या दाराची लिफ्ट. आत एक स्टूल, स्टुलावर चौकोनी घडी केलेला टॉवेल, त्यावर तो. इस्त्रीचा शर्ट. मला बघून उठला. "सर! तुम्ही इकडे? कुठल्या मजल्यावर?" मी म्हटलं, तुम्हालाच भेटायला आलो. त्याला ते कळेना. लिफ्टमनला भेटायला कुणी येत नाही, लिफ्टमधून लोक दुसऱ्याला भेटायला जातात. तो म्हणाला, "मग या आत, बोलत बोलत जाऊ. इथं थांबवून ठेवता येत नाही मला." आणि तसं आमचं बोलणं झालं, वर जाताना दोन वाक्यं, खाली येताना दोन. मधे लोक चढायचे, उतरायचे. फायलींचा गठ्ठा घेतलेला एक जण चढला की आम्ही गप्प. चौथा मजला. तो उतरला की पुन्हा.

"परवा मी जरा ओरडलो," मी म्हटलं.

"ते काय सर, खेळात होतंच." मग हसून, "मी रोज शंभर वेळा वर जातो सर, पण बढती काही होत नाही. ऐकायची सवय आहे." हा त्याचा नेहमीचा विनोद असावा, गुळगुळीत झाला होता. सहावा मजला. दोन बायका चढल्या, एकीच्या हातात डबा. खाली येईपर्यंत आम्ही चौघं समोरच्या सरकत्या भिंतीकडे बघत राहिलो. त्या उतरल्या. त्यानं जाळी ओढली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "मी सांगणारच होतो तुम्हाला सर. आता रविवारी मला यायला जमणार नाही. ड्युटी लागलीय."

मी त्याच्या डोक्यावरच्या पाटीकडे बघितलं. लिफ्टची वेळ, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. रविवारी बंद. अक्षरं पांढऱ्या रंगात, हातानं काढलेली. मी कुठं बघतोय ते त्यानं बघितलं. दुसरा मजला गेला, तिसरा गेला. मधेच त्यानं लिफ्ट थांबवली. दोन मजल्यांच्या मधे, समोर नुसती विटांची भिंत, कुणीतरी जुन्या काळी खडूनं काढलेला एक बाण. त्या भिंतीकडे बघून तो म्हणाला, "त्याला सांगू नका सर. मंगळवारपासून तो माझ्याशी बोलताना अडखळतोय. मला समजतं. त्याला सांगायचंय पण तोंडातून निघत नाहीये. एकदा का तोंडातून निघालं, की ते त्याच्याजवळ राहील. जन्मभर राहतं असलं. त्यापेक्षा माझीच ड्युटी लागलेली बरी."

मी म्हटलं, "तुम्ही या. मी सांगतो ना. मी सगळ्यांसमोर सांगतो."

"नको सर. आणखी लोक बघतील." वरून कुणीतरी जाळी वाजवली. त्यानं मूठ फिरवली, लिफ्ट हलली. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "पण उडी कसली मारली हो त्यानं! पाहिलीत ना तुम्ही?"

"पाहिली," मी म्हटलं. "बरोबर मारली. मांडी, कंबर, खांदा."

"हां! मांडी, कंबर, खांदा," तो म्हणाला, पाठ करून ठेवत असल्यासारखा.

बाहेर पडलो तर ऊन होतं आणि मला रस्ता ओलांडता येईना. दोघांनी मला एकेक गोष्ट सांगितली होती आणि दुसऱ्याला सांगू नका म्हटलं होतं. असल्या वेळी शहाणी माणसं म्हणतात, मधे पडू नये. मी मधे पडलोच होतो, आणि तेही कसं, तर पोटावर, जसं पडायचं नाही असं मी सगळ्यांना शिकवतो. मला एवढंच पाहिजे होतं की त्या पोराच्या आणि बापाच्या मधे ते "बरं" येऊ नये. एकदा ते आलं की मग सगळं व्यवस्थित चालतं. जेवणं होतात, आजारपणं होतात, लग्नं होतात, नातवंडं मांडीवर बसतात. माझे वडील माझ्या लग्नात टाळ्या वाजवत नव्हते. कुणी गायलं तेव्हाही नाही. हात घडी घालून बसले होते. शेवटच्या आजारात ते त्याच इस्पितळात होते, त्यांच्याच लॉन्ड्रीतल्या चादरीवर, आणि झोपेत बोटांनी चादरीची कड सरळ करत होते. मी उशाशी बसलो होतो. विचारायचं होतं ते विचारलं नाही. त्यांनीच डोळे उघडून माझ्या गुडघ्याच्या पट्टीकडे बघितलं आणि विचारलं, "लागलं का?" मी म्हटलं, "नाही बाबा." ते म्हणाले, "बरं."

रविवारी सामना त्याच मैदानावर होता. डेपोतून बसगाड्या निघत होत्या, भिंतीवरून धूर येत होता. आईबाप आपापल्या जागी. हिशेबतपासनीसानं मला विचारलं, "सर, आज आपला स्टार प्रेक्षक दिसत नाही?" आजूबाजूचे हसले. मी त्याला म्हटलं, "तुम्ही तो व्हिडिओ काढून टाका. आज. नाहीतर पुढच्या रविवारी तुमचा मुलगाही दिसणार नाही." तो म्हणाला, "अहो सर, गंमत केली." मी म्हटलं, "गंमत मी केली होती. तुम्ही ती साठवून ठेवलीत." दातांची डॉक्टर दुसरीकडे बघायला लागली. लोकांना वाटलं सरांना आज बरं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा बोललो आणि बोलून काही उपयोग नव्हता, कारण ज्याच्यासाठी बोललो तो तिथं नव्हता. गोलच्या मागे, जाळीपासून दोन हातांवर, नुसती मोकळी जागा. मी खांबापाशी जाऊन सकाळीच तिथली माती पायानं दाबून सारखी केली होती. आता घसरायला कारण नव्हतं.

पहिल्या अर्ध्या भागात एकही गोल झाला नाही. मध्यंतर झालं, बाजू बदलल्या. पोरगा त्या दिवशीच्याच गोलमध्ये आला. मी ठरवलं होतं की आज चेंडूकडे बघायचं नाही, आणि नाही बघितलं. तो ताठ उभा होता, हात बाजूला, बोटं उघडझाप करत. मला फक्त पोरांच्या ओरडण्यावरून कळत होतं की चेंडू कुठं आहे. ओरडणं जवळ आलं. पोराचे गुडघे वाकले. आणि मग त्यानं उजवा पाय रोवला, मी बघितलं, नीट रोवला, आणि जमिनीला ढकलून तो डावीकडे गेला. आडवा. सगळा. हवेत तो इतका लांब दिसला की मला वाटलं, हा एवढा कधी वाढला? मांडी, कंबर, खांदा. धप्प आवाज झाला. चेंडू हाताखालून गेला आणि जाळी हलली. त्या बाजूचे आईबाप नाचायला लागले. आमचे कण्हले. मी टाळ्या वाजवायला हात वर केले, आणि तेवढ्यात पोरगा मातीतून अर्धवट उठला आणि त्यानं बघितलं. माझ्याकडे नाही. मागे. जाळीच्या पलीकडे, त्या मोकळ्या जागेकडे. मान गेली ती तिथंच राहिली. माझे हात वरच राहिले, वीतभर अंतरावर.

त्यांना कुठं ठेवायचं ते मलाही सुचेना.

एक-शून्यनं हरलो. पोरं डबे उघडून बसली. तो खांबाला टेकून एकटाच मोजे काढत होता. कोपरापासून मनगटापर्यंत सालपट निघालं होतं. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. बावीस वर्षांत मी पोरांना सामन्यानंतर पुष्कळ गोष्टी विचारल्या आहेत, जागा का सोडलीस, हात कुठं होते, लक्ष कुठं होतं. मी म्हटलं, "लागलं का?"

तो म्हणाला, "जरासं." मग म्हणाला, "आज खरी होती सर."

"पाहिली मी."

"हो का," तो म्हणाला, आणि मोजा उलटा करून त्यातली माती झटकायला लागला. मी बघितलं म्हणून त्याला काही झालं नाही. होणारही नव्हतं. माझ्या तोंडाशी ते आलं होतं. त्या माणसाला मी शब्द दिला नव्हता, त्यानं नको म्हटलं होतं एवढंच. मी म्हटलं, "हे बघ. तुझे बाबा आज ड्युटीवर नाहीत. रविवारी ती लिफ्ट बंद असते. पाटी आहे तिथं."

पोरगा मोजा झटकत राहिला. माती संपली तरी झटकत राहिला. मग तो मोजा त्यानं दुसऱ्या मोज्यावर ठेवला, दोन्हींची कड जुळवली, आणि त्यांची घडी घातली.

"मला माहितीय," तो म्हणाला.

तो उठला, पिशवी खांद्याला लावली आणि डेपोच्या भिंतीकडेनं चालायला लागला, घाई न करता, घरी लवकर पोहोचायचं नसल्यासारखा. मी बसून राहिलो. इस्पितळाची लॉन्ड्रीही रविवारी बंद असायची. दाराला बाहेरून कुलूप असायचं. मैदानावर जायचा माझा रस्ता त्याच दारावरून होता.

मलाही माहीत होतं.